टपालमावशीचे निरोप

टपालमावशीनं उभ्या आयुष्यात एकही निरोप जसा घेतला तसा दिला नाही. झोपाळ्यावरून निघालेली शिवी स्वयंपाकघरात पोचेस्तोवर आंघोळ करून, केस विंचरून, धुतलेला सदरा घालून उभी राहायची. आणि आमच्याकडून निघालेली बोंब मालकापुढं जाईतो तिची विनंती झालेली असायची. तिचं खरं नाव कुणी घेत नव्हतं. गणूदादा माळ्यानं तिला टपालमावशी म्हटलं, ते चिकटलं. टपालात पाकीट फोडत नाहीत. ही फोडायची, आतला कागद बदलायची आणि पुन्हा डिंक लावायची.

दिवेआगरला सुपारीच्या वाडीत भाऊंचं लॉज आहे, तिथं ती स्वयंपाक करायची. भाऊ मूळचे पनवेलकडचे, आधी ट्रकांचा धंदा. वादळात वाडीतल्या निम्म्या पोफळी आडव्या झाल्या, त्या जागी भाऊंनी खोल्या लावल्या. खोल्यांना शिंपणं लागत नाही, आणि फळ बारमाही. भाऊंचा एक नियम होता. मालकानं कामाच्या माणसाशी थेट बोलायचं नाही, बोललं की वजन उतरतं. ट्रकच्या वेळी मधे मुकादम असायचा. इथं मुकादम परवडेना, म्हणून मावशी. भाऊ घरापुढच्या झोपाळ्यावर, आम्ही मागच्या पडवीत, मधे विहीर. मावशी निरोप घेऊन निघाली की विहिरीपाशी थांबायची, तोंडातला तंबाखू थुंकायची. आमची खात्री होती, निरोप तिथंच पालटतो.

मी कामाला लागलो तेव्हा भाऊ झोपाळ्यावर, मी दोन हात अंतरावर उभा, आणि मधे मावशी.

"त्याला विचार, काय काय येतं," भाऊ तिला म्हणाले.

मी मधेच बोललो, "काय न्हाय येत ते विचारा."

मावशी भाऊंकडे वळली. "शिकायची तयारी हाय म्हणतो."

मी बहिरा नव्हतो, भाऊही नव्हते. पण भाऊंनी मान डोलावली. मी म्हटलं, मावशी, कामाचं नाव काय ते तरी विचार. भाऊ हसले. "सांग त्याला, घरात कामाला नाव असतं का? आपण सगळे एका घरातली माणसं."

खरं तर मला काहीच येत नव्हतं. मी मुरुडच्या कोळीवाड्यातला धर्मा. आज्याची होडी, बापाची होडी, आणि मला होडीत पाय ठेवला की ओकारी. होडी खुंटाला बांधलेली असली तरी. शाळेत गेलो तर मला बघून मास्तरांना व्हायची. समुद्रानं टाकला, शाळेनं टाकला, राहिलं लॉज. तिथं नाव नसलेलं काम मिळालं, म्हणजे सगळंच. सकाळी पंप, दुपारी वाढपी, संध्याकाळी राखणदार. एकदा पाहुण्यांचं पोर लाटेत घाबरलं तर भाऊंचा निरोप आला, धर्माला पाठव, कोळी आहे. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि डोळे मिटले. त्या पोरानं मला हात धरून बाहेर आणलं. त्याच्या आईनं माझे आभार मानले, मी मोठ्या मनानं ते घेतले.

"एका घरातली माणसं" हे मला फार आवडलं होतं. पहिल्या महिन्यात मी मावशीला तीनदा सांगितलं. ती नारळ खवत होती. म्हणाली, "व्हय तर. घरच्याला सुट्टी मागायची सोय नसते, आन् पाहुण्याला काम सांगायची. तू पाहुणा म्हणून यायला पायजे व्हतास, मेल्या."

भाऊ माझ्या पाठीमागं मला काय म्हणायचे ते मला फार उशिरा कळलं. माझ्यापर्यंत यायचं ते असं, "भाऊ म्हणतात, तुझं हसणं गोड हाय, पण पाहुणे जेवताना जरा जपून वापर." मी आठवडाभर आरशात बघून हसणं जपून वापरलं. मूळ निरोप होता, "त्या रेड्याला सांग, पानावर दात काढू नकोस." तिकडं आम्ही बोंबलायचो, आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या नाहीतर आम्ही चाललो. भाऊंना ऐकू जायचं, "पोरं म्हणतात, एक दिवस पाठ टेकली तर सहा दिवस दुप्पट पळू." सुट्टी मिळाली. भाऊंना वाटलं आपण दिली, आम्हाला वाटलं आपण घेतली. दोन्ही बाजू फुगलेल्या, आणि मावशी भाकऱ्या थापत बसलेली.

मी एकदा विचारलं, "मावशी, तू खोटं कशाला बोलतेस?"

"खोटं कुठं? माणसाच्या पोटात असतं एक, तोंडात येतं दुसरं. मी पोटातलं सांगते."

"आन् पोटात न्हायच काय तर?"

"मग मी घालते थोडं."

तिचं खरं काम दिसायचं शिमग्याला. शिमग्याला कोकणातला माणूस घरी जातो आणि मुंबईचा माणूस कोकणात येतो. मधे लॉजवाला उभा, सगळ्या खोल्या भरलेल्या आणि हाताखाली माणूस नाही. कुणाची होळी, कुणाच्या दारी देवाची पालखी, सगळ्यांना तेच चार दिवस हवे. मावशी गुपचूप पाळ्या लावायची. भाऊंकडे जाऊन म्हणायची, "गणू म्हणतो, भाऊंची अडचण असंल तर मी पालखीला जात न्हाय." भाऊंना लाज वाटायची. "जाऊ दे त्याला एक दिवस." गणूदादानं असलं काही म्हटलेलंच नसायचं. तो तर शर्ट घालून फाटकाशी उभा असायचा.

हे सगळं कुणी मोडलं? मी. दुसऱ्यावर ढकलायला फार शोधलं, कुणी सापडलं नाही.

पुण्याचा एक पाहुणा आला होता. कंपनीत माणसं सांभाळायचं काम करतो म्हणाला. मोदक खाता खाता भाऊंना सांगायला लागला, "मधला माणूस काढा. डायरेक्ट बोला. तुमची अपेक्षा काय, त्यांची अपेक्षा काय, सगळं क्लिअर पाहिजे." मी तूप वाढत उभा होतो. मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी नुकताच मोठा फोन घेतला होता, आणि नवा फोन घेतलेल्या माणसाला वाटतं की जगाचं अडलंय. मी म्हटलं, "भाऊ, फोनवर ग्रुप काढा ना." पाहुणा म्हणाला, "बघा, माणूस हुशार आहे." चार दिवस मी जमिनीवर नव्हतो.

ग्रुपला भाऊंनी नाव दिलं 'आपलं घर'. घरातले सगळे त्यात, फक्त मावशी नाही. तिच्याकडे बटणांचा फोन. मला वाचायचं जमत नाही म्हणून भाऊ आवाजात निरोप टाकायला लागले. पहिलाच आला, "चार नंबरात वाळू तशीच आहे. गणूचा बाप येणार आहे का झाडायला?" गणूदादानं फोन कानाला लावून दोनदा ऐकलं. मग मला विचारलं, "हा कोण बोलतोय रं?" नऊ वर्षं त्यानं तिथं चाकरी केली होती.

मलाही माझं खरं नाव तिथंच कळलं. रेडा.

त्या वर्षी होळीचा पहिला खांदा आमच्या घराचा होता. आमच्या कोळीवाड्यात होळीचं झाड खांद्यावरून वाजतगाजत आणतात, आणि सगळ्यांत पुढचा खांदा एका घराचा मान असतो. दर वर्षी घर बदलतं. घरं पुष्कळ. बाप वीसेक वर्षं पाळीची वाट बघत होता, आणि पाळी आली तेव्हा त्याचा गुडघा गेलेला. मी एकुलता एक. मी गेलो नाही तर मान पुढच्या घराला, आणि परत आमच्यापर्यंत येईस्तोवर बाप असेल याची खात्री नाही.

मावशीला सांगायचं सोडून मी शहाण्यानं ग्रुपवर बोललो. डायरेक्ट, क्लिअर. "भाऊ, होळीला मला दोन दिवस जायचंय. आमच्या घरचा मान हाय."

भाऊंचा आवाज आला, "खोल्या फुल आहेत. नाही जमणार."

हेच झोपाळ्यावर झालं असतं तर भाऊ तासाभरानं पाघळले असते, कुणाला कळलंही नसतं. पण आता पाच माणसं ऐकत होती. भाऊंना मागं फिरता येईना, आणि मलाही येईना. मी म्हटलं, "लॉज तुमच्या बापाचं असंल, होळी माझ्या बापाची हाय." भाऊ म्हणाले, "मग तिकडेच राहा. परत येऊ नकोस."

सकाळी मी कपड्यांची पिशवी घेऊन स्वयंपाकघराशी उभा राहिलो.

"काय रं, कुठं निघाला?"

"भाऊनं काढलं."

"कधी?"

"काल. फोनवर."

मावशीनं तवा उतरवला. "भाऊ झोपाळ्यावर व्हता, तू विहिरीवर. फोन कशाला लागला?"

मी म्हटलं, "मावशी, एकदा बोल ना त्यांच्याशी." ती पदराला हात पुसत गेली. मी केळीआडून बघत होतो. भाऊ हात उडवून उडवून बोलत होते. मावशी परत आली. विहिरीपाशी थांबली नाही, सरळ माझ्यापुढं आली.

"जा म्हणतात भाऊ. घरचा मान राख. परवा दुपारी हजर हो."

"खरं?"

"जेटीची बोट चुकंल, पळ."

मी पळालो. मला शंका आली होती. पण ज्याला जायचं असतं तो शंकेला घरीच बसवून जातो. दिघीहून बोट धरली, कठड्याशी उभा राहून नेहमीचं उरकलं, आणि आगरदांड्याला उतरलो. दुसऱ्या दिवशी झाडाला पहिला खांदा दिला. सगळा कोळीवाडा बघत होता. मी छाती काढून वीस पावलं चाललो आणि मासळीच्या पाण्यावरून घसरलो. झाड कलंडलं, माझ्यामागची माणसं माझ्यावर, बायका हसून हसून खाली बसल्या. मी तोंडातली माती थुंकत बापाकडे बघितलं. तो दारात खुर्चीवर बसला होता. शेजाऱ्याला ओरडून सांगत होता, "पडला, पन सगल्यांच्या पुढं पडला!" त्याचे डोळे भरले होते. तसा मी बापाला त्याआधी एकदाही आवडलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिवेआगरला आलो तर स्वयंपाकघरात मावशी नव्हती. तिची विळीही नव्हती. काय झालं ते गणूदादानं सांगितलं, तो त्या वेळी झोपाळ्यामागं जास्वंदीला पाणी घालत होता.

दोन दिवस माझं सगळं काम मावशीनं ओढलं होतं. चाळीस पानं वाढली, गाद्या वाहिल्या, पंपाशी झटापट केली. साठी उलटलेली बाई. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची आंघोळीच्या पाण्यावरून ओरड झाली, तेव्हा भाऊंनी विचारलं, रेडा खरंच गेला का?

"गेला," मावशी म्हणाली. "तुम्ही जा म्हणालात ना."

"मी? मी सांगितलं होतं, गेलास तर तोंड दाखवू नकोस."

"व्हय. पण जा म्हणायला पायजे व्हतं. म्हणून मी तेवढं सांगितलं."

भाऊंनी पायानं झोपाळ्याला एक रेटा दिला. मग हळूच विचारलं, "मावशी, पोरं मला बापासारखं मानतात, हे तू मागं सांगितलं होतंस..."

"ते माझं व्हतं," मावशी म्हणाली.

गणूदादा म्हणतो, झोपाळा थांबला. भाऊंनी तिला काढलं म्हणा, ती गेली म्हणा. दोघांपैकी कुणी मोठ्यानं बोललं नाही. तिनं भांडी घासून पालथी घातली, आपली विळी पिशवीत घातली आणि माणगावची एस्टी धरली. मला मात्र ठेवलं. ऐन शिमग्यात दोन माणसं काढणं परवडत नाही.

पुढं दोन महिन्यांत तीन स्वयंपाकिणी आल्या. पहिली ग्रुपवर ऐकून गेली, दुसरी समोर ऐकून. तिसरी असताना भाऊ स्वतः चालत मागच्या पडवीत आले. मला म्हणाले, "माणगावला जा. म्हातारीला सांग, यायचं असेल तर ये, मी काही पाया पडणार नाही."

एस्टीत मी सबंध रस्ता हा निरोप घासला. मावशी माणगावच्या पुढं लेकीकडे राहते. अंगणात पडवळाचा वेल बांधत होती. मी घसा साफ केला. "मावशी, भाऊ म्हणाले, तुमच्याशिवाय घराला घरपण नाही, झालं गेलं विसरा..."

तिनं वेल सोडलाही नाही. "भाऊ असं बोलला?"

"व्हय."

"घरपण म्हणाला?"

"म्हणजे... तसंच काहीतरी."

"तुला जमत न्हाय रं," ती म्हणाली. "लय गोड केलंस. एवढं गोड कोण खातं?" मग चहा दिला, बापाचा गुडघा विचारला, मी कसा पडलो ते करून दाखवायला लावलं. मी अंगणात दोनदा पडून दाखवलं. ती डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसली. निघताना म्हणाली, "भाऊला सांग, मावशी येणार न्हाय. दमली."

परत येऊन मी झोपाळ्यापुढं उभा राहिलो आणि तेवढंच सांगितलं. भाऊंनी विचारलं, "अजून काही म्हणाली?" मी म्हटलं, नाही. "रागात होती?" नाही. भाऊ उठले, आत गेले आणि तिसऱ्या बाईला तोंडावर सांगितलं की तुझी आमटी खारट असते. ती तशीच पदर झटकून निघून गेली.

तेव्हापासून जेवणही मीच करतो. भाऊ माझ्यासमोर बसून जेवतात. आमटी कशी झालीय ते ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. आमचं आता सगळं डायरेक्ट आहे.