मुकी काडतुसं

जहूर मुकादमला 'नाही' म्हणता येत नसे. म्हसळ्याच्या शाळेत असताना पोरांनी विचारलं, पोहता येतं का रे, तर हा 'हो' म्हणाला आणि खाडीत गटांगळ्या खाऊन आला. पुढे मुंबईत एजंटाने विचारलं, बंदुका दुरुस्त करता येतात का, तर पुन्हा 'हो'! बंदूक याने बापजन्मात हातात धरली नव्हती. लेथवर होड्यांच्या इंजिनाचे पार्ट करायचा, तेवढीच काय ती विद्या. पण हो म्हणाला, विमानात बसला, आणि ओमानमधल्या रुस्ताक गावी, किल्ल्याजवळच्या बाजारात, खल्फान अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, बंदुकीच्या दुकानात येऊन पडला. हाताला गुण होता म्हणून निभावलं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात परत पाठवला असता.

निभावलं म्हणजे काय, नावच झालं. आजूबाजूच्या खजुराच्या बागांतले म्हातारे आपल्या बापाआज्यांच्या रायफली कापडात गुंडाळून आणायचे आणि विचारायचे, उस्ताद कुठाय? तिकडच्या जुन्या घरांत रायफल म्हणजे घराण्याचा आब. ईदेला, लग्नाला हवेत बार काढायचा, एरवी तेल लावून भिंतीला टांगायची. त्या रायफलींचे खिळखिळे दस्ते, गंजलेले खटके जहूर मन लावून बसवायचा. एखादं काम हातून होणार नसलं तरी तोंडाने 'इन्शाल्ला' म्हणायचा. लोक परत जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा इन्शाल्ला. बायको रहिमा फोनवर म्हणायची, "अवो, तुमच्या इन्शाल्लात निम्मं 'नाय'च असतं, त्या लोकांना कलत कसं नाय?"

हमद बिन सालेह असाच रायफल घेऊन आला होता, आणि तिचा दस्ता बसवता बसवता दोघांची दोस्ती जमली. मोठ्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू सालिम म्हणायचे, जहूरही तसंच म्हणे. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की जहूर त्याच्या बागेत जायचा. पाटाच्या कडेला चटई, वेलदोड्याची कडू कॉफी, खजूर. हमदची बायको जुवैना आतून गरम रोटी पाठवायची आणि दर वेळी विचारायची, रहिमा कशी आहे? तिने रहिमाला कधी पाहिलं नव्हतं, पण जहूर सुट्टीवर निघाला की तिच्यासाठी लोबानाची पुडी आणि खजुराचा डबा हमखास यायचा. परमुलखात माणसाला आणखी काय लागतं हो?

मग तो मेला आजार आला.

दुकानं बंद झाली, रस्त्यांवर पोलिसांचे नाके बसले. बंदुकीच्या दुकानांना तर आणखी वेगळा निरोप आला, की पुढचा हुकूम येईपर्यंत एकही काडतूस विकायचं नाही. लोक घरात कोंडलेले, डोकी फिरलेली, त्यात हाताशी दारूगोळा नको, असा विचार असणार. अधिकारी येऊन काडतुसांच्या कपाटाला सील ठोकून गेले. खल्फान अर्बाब मस्कतला अडकलेला. त्याने फोनवर बजावलं, "उस्ताद, एक काडतूस जरी बाहेर गेलं तरी माझं लायसन्स गेलं आणि तुझा व्हिसा गेला. समजलं?" जहूर म्हणाला, "हो, अर्बाब." दुसरं काय म्हणणार! दुकानामागच्या खोलीत तो एकटा राहिला, डाळभात करून खात.

उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर जुवैना गेली. तीच साथ. दफनाला मोजकी माणसं, तीही लांब लांब उभी. सांत्वनाला येणंजाणं बंद, त्यामुळे हमदच्या ओट्यावर कोणी फिरकलं नाही. सालिम मस्कतला, मधे नाके. जहूरने फोन केला. हमद म्हणाला, "उस्ताद, सकाळी कोणासाठी उठायचं रे आता?"

ते एक वाक्य जहूरच्या डोक्यातून जाईना. आणि दोनच दिवसांनी दुकानाच्या शटरवर थाप पडली. जहूरने मागचं दार उघडलं, तर हमद तिथे येऊन उभा. मास्क हनुवटीवर, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"काडतुसं हवीत," तो म्हणाला.

"कशाला, अबू सालिम?"

"कुत्री. बाजार बंद झाला, हॉटेलांची खरकटी बंद झाली, रानटी कुत्री बागांत शिरताहेत. जुवैनाच्या शेळ्या आहेत."

जहूरने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कुत्री दिसलीच नाहीत. दिसला तो एकटा म्हातारा, रिकामं घर आणि भिंतीवरची रायफल. सील लावलेल्या कपाटाकडे बोट करून तो चाचरत काहीतरी पुटपुटला. हमद ऐकून घेईना. "तुझ्या टेबलाच्या खणात चाचणीची असतात ना? तीच दे. चार-पाच पुरे. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

नव्हतं मागितलं. हेच तर अवघड होतं. जहूर म्हणाला, "उद्या. इन्शाल्ला."

संध्याकाळी त्याने रहिमाला सगळं सांगितलं. ती ताडकन म्हणाली, "तोंडावर नाय म्हना. आनि जाऊन बसा त्याच्याजवल. लांब बसा, पन बसा. मानूस हवाय त्याला."

"असं कसं नाय म्हनू? त्याची रोटी खाल्लीय मी."

"रोटी खाल्लीय म्हनूनच नाय म्हना!"

बायको शहाणी होती. पण शहाण्या बायकोचं ऐकलं असतं तर तो जहूर कसला! फोन ठेवून तो टेबलाशी बसला आणि त्याच्या डोक्यातून एक युक्ती निघाली. खणातली पाच काडतुसं काढली. एकेकाची गोळी अलगद उपसली, आतली दारू ओतून टाकली, ठिणगी पाडणाऱ्या मागच्या टोपीत तेल सोडून तीही मारली, आणि गोळी पुन्हा जागच्या जागी बसवली. वरून पाहाल तर ओळखणार नाही. दारू नाही म्हणजे काडतूस नाही, म्हणजे हुकूमही मोडला नाही. म्हाताऱ्याला नकार द्यायला नको, आणि त्याने काही वेडंवाकडं करायचं ठरवलं तरी जीव वाचेल. जहूर स्वतःवर बेहद्द खूश झाला. कित्येक दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी हमदने पाचही काडतुसं मुठीत घेतली. नीट पाहिलीसुद्धा नाहीत. उस्तादाच्या हातची वस्तू कोण तपासतो? जहूरच्या खांद्याला हात लावायला तो पुढे झाला, आजाराची आठवण होऊन थांबला, आणि हात नुसता छातीवर ठेवून गेला.

पुढचे काही दिवस जहूर रोज फोन करायचा. म्हातारा आवाजावरून बरा वाटायचा. शेळ्यांबद्दल बोलायचा, जुवैनाने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं एक करडू होतं, ते तिची चादर हुंगत फिरतं म्हणायचा. जहूर मनात म्हणायचा, चला, आपण एक जीव राखला.

मग एक दिवस फोन उचलला गेला नाही. दुपारीही नाही. काडतुसं मुकी आहेत, मग घाबरायचं काय, असं स्वतःला शंभरदा सांगून झालं, पण दोर असतो, विहीर असते, हे आत्ता सुचत होतं. बागेकडे जायला म्हणून तो चपला घालतच होता, तेवढ्यात मागच्या दारात हमद उभा राहिला. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"अल्हम्दुलिल्लाह!" जहूरच्या तोंडून निघून गेलं. "बसा, अबू सालिम, बसा."

हमद बसला नाही. त्याने खिशातून पाच काडतुसं काढून टेबलावर ठेवली. मागच्या टोप्यांवर घोडा पडल्याचे ठसे उमटलेले होते. पाचही टोप्यांवर.

"पहाटे आली," तो म्हणाला. "टोळीच होती. मी नेम धरला. खट. दुसरं भरलं. खट. पाचही भरली, उस्ताद. तोवर गोठ्यात काही उरलं नव्हतं. करडू त्यांच्या तोंडातून ओढायला गेलो, तर हा हात." मग तो म्हणाला, "करडूही नाही उरलं."

जहूर म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही... जुवैनाबी गेल्यावर... मला भीती वाटली."

हमदने त्याच्याकडे टक लावून पाहिलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, आणि ते ध्यानात येताना त्याचा चेहरा कसा झाला, ते जहूरला पाहवेना.

"मी अल्लाला भिणारा माणूस आहे. इतकी वर्षं माझ्या चटईवर बसलास, तुला एवढं कळलं नाही?" त्याचा आवाज जराही चढला नव्हता. "आणि भीती वाटली, तर विचारायचंस. नाही म्हणायचंस! नाही म्हणाला असतास, तर शेळ्या घरात घेतल्या असत्या. काठी घेऊन दारात बसलो असतो. तुझी काडतुसं होती, म्हणून निर्धास्त झोपलो मी."

जहूर रडायला लागला. हमद गेला. त्याने कोणाला काही सांगितलं नाही, ना पोलिसांना, ना अर्बाबला. जहूरचा व्हिसा वाचला. त्याने बोभाटा केला असता, शिव्या घातल्या असत्या, तर जहूरला सोपं गेलं असतं. शुक्रवार येत राहिले. जहूर दोनदा बागेच्या फाटकापर्यंत गेला आणि आतून कोणी बोलावलं नाही म्हणून परतला.

बऱ्याच महिन्यांनी कपाटाचं सील निघालं, विक्री सुरू झाली, अर्बाब मस्कतहून परत आला. दुकानात पुन्हा माणसं यायला लागली. एका सकाळी हमदही आला. नव्या शेळ्या घेतल्या होत्या म्हणे. अर्बाबने मोठ्याने स्वागत केलं आणि आत हाक मारली, "उस्ताद, अबू सालिमला काडतुसांची पेटी दे!"

जहूरने पेटी आणून समोर ठेवली. "अस्सलाम आलेकुम, अबू सालिम."

"वालेकुम अस्सलाम. शुक्रन, रफीक," हमद म्हणाला. रस्त्यावरच्या कुठल्याही अनोळखी मजुराला तिकडे रफीक म्हणतात.

मग त्याने पेटी उघडली. एक काडतूस काढलं, कानाशी नेऊन हलवलं. आत दारूची बारीक खसखस झाली. ते बाजूला ठेवून त्याने दुसरं उचललं, तेही कानाशी नेलं.

अर्बाब हसायला लागला. "हे काय, अबू सालिम? आमच्या दुकानाचा माल कधीपासून तपासायला लागलास? उस्तादाच्या हातचा आहे!"

"सवय लागली," हमद म्हणाला, आणि जहूरकडे न बघता त्याने तिसरं काडतूस कानाशी नेलं.