माधव रावनं एअरलाइन नाकारली नव्हती

“रावला सोडता येईल का तुम्हाला?” मुख्यालयातून फोनवर विचारलं.

“नाही. बॅच अर्धवट आहे. इन्स्ट्रक्टर आणू कुठून?”

“मग आम्ही नामंजूर करतो.”

एवढंच बोलणं झालं. फोन ठेवून मी परेडला गेलो.

मी तेव्हा हवाई दलाच्या एका ट्रेनिंग युनिटचा सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर होतो. स्क्वाड्रन लीडर माधव राव माझा सगळ्यात चांगला इन्स्ट्रक्टर. खासगी विमान कंपन्या नव्यानं सुरू होत होत्या आणि त्यांना तयार पायलट हवे होते. पण आमच्याकडे राजीनामा टाकून निघून जाता येत नाही. ‘प्रीमॅच्युअर रिलीज’, म्हणजे मुदतीआधी सुटका, मागावी लागते. निर्णय मुख्यालय देतं, पण त्याआधी सीओचं मत विचारतं. ते मत बहुतेक वेळा निकालच असतो.

रावला पगाराचं आकर्षण नव्हतं. तो चेन्नईतल्या मैलापूरचा, तंजावरी मराठी घरातला. वडील नव्हते, भावंडं नव्हती. आई एकटी राहायची, आणि न्हाणीघरात दोनदा पडली होती. चेन्नईहून तळावर येऊन राहायला ती तयार नव्हती. एअरलाइननं त्याला चेन्नई बेस देऊ केला होता. बेस म्हणजे ड्युटी संपली की पायलट ज्या शहरात घरी जातो ते.

“सर, रात्री घरीं असेन, एवढेंच पाहिजे,” तो म्हणाला होता. त्याच्या जुन्या वळणाच्या मराठीची मी नेहमी थट्टा करायचो. त्या दिवशीही केली.

नकार आल्यावर त्यानं मला विचारलं, “सर, तुम्ही रेकमेंड केलें होतें ना?”

“माझ्या हातात काय असतं राव? वरून आलंय.”

त्यानं सॅल्यूट केला आणि क्लास घ्यायला गेला.

महिन्याभरानं मी कामासाठी चेन्नईला निघालो होतो. राव ऑफिसात आला. “आईला भेटाल, सर? वायुसेना सोडत नाही असें मी सांगितलें, तिला पटत नाही. शेजारचा मुलगा सुटला, तूं कां नाही, म्हणते. तुम्ही सांगितलें तर ऐकेल.”

मी गेलो. रावच्या आईनं, अम्मांनी, डबऱ्यातून, म्हणजे पसरट पितळी वाटीतून, कापी दिली. त्यांच्या पायाला अजून पट्टी होती. मी बसलो तशा त्या थेट म्हणाल्या, “खरें सांगा. सोडलें नाही, कीं त्यालाच यायचें नव्हतें?”

काय बोलायचं ते मी टॅक्सीत ठरवलं होतं. मुख्यालयाचं नाव घ्यायचं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मुख्यालयानं कोणाला विचारलं, असा पुढचा प्रश्न येणार असं मला वाटलं. मी घाबरलो. म्हणालो, “अम्मा, तुमच्या मुलानं मोठा त्याग केलाय. देशासाठी एअरलाइन नाकारली त्यानं. तुम्हाला अभिमान वाटायला हवा.”

त्यांनी माझा रिकामा डबरा उचलला. मग म्हणाल्या, “सरी, बरें. त्याला सांगा, माझ्याकरितां येऊं नको.”

त्यानंतर रावनं पुन्हा अर्ज केला नाही. आई फोनवर दोन शब्दांपलीकडे बोलत नाही, असं एकदा म्हणाला. मी विषय बदलला. त्याच वर्षी त्या गेल्या. बातमी आली तेव्हा राव एका कॅडेटला घेऊन हवेत होता. तो उतरेपर्यंत मी रनवेच्या कडेला उभा होतो. आई गेल्याचं सांगितलं, मी काय केलं होतं ते मात्र तेव्हाही सांगितलं नाही.

त्यागाची ती गोष्ट मात्र अम्मांच्या शेजाऱ्यांकडून चेन्नईतल्या मराठी मंडळींत पसरली. निवृत्तीनंतर राव आईच्या घरी परतला, आणि मीही मुलीकडे, चेन्नईतच नुंगंबाक्कमला, राहायला आलो. यंदा तिथल्या मराठी मंडळानं त्या त्यागाबद्दल रावचा सत्कार ठरवला आणि भाषणाला मला बोलावलं.

भाषणाऐवजी मी रावच्या घरी गेलो. तीच खोली, तीच खुर्ची. फोनपासून कापीपर्यंत सगळं सांगितलं. तोही आता म्हातारा झालाय. 

शेवटी म्हणाला, “शेवटच्या फोनवर आई म्हणाली, मला सगळें कळलें. त्यागाची गोष्ट लोकांनीं मागाहून रचली असें मला वाटे. काय कळलें, तें मी इतकी वर्षें शोधत होतों, सर.”

मी माफी मागितली. तो उठला. दारापर्यंत आला, ऑटोवाल्याला तमिळमध्ये पत्ता समजावला आणि मला म्हणाला, “सत्कार रद्द करवा. कारण तुम्ही लिहा.”

म्हणून हे लिहिलं.

नवे पायलट अजूनही विचारतात, हवाई दल की एअरलाइन? ते ज्याचं त्यानं ठरवावं. सीओंना मात्र एक सांगतो. माणूस सोडायचा नसेल तर सोडू नका, तुम्हाला तो अधिकार आहे. फक्त ‘मी नाही म्हणालो’ हे त्याला त्याच दिवशी तोंडावर सांगा. तो रागावेल. रागावलेला माणूस निदान घरी जाऊन आईला खरं सांगू शकतो.