फ्रीजच्या पाइपापायी

मंडळी, आज मी दगडूकाकांचं डोकं फोडलं.

लातुरातल्या माझ्या होस्टेलच्या पोरांसाठी बर्फ करणारा फ्रीज आणला. नळाची लाइन जोडायला दोन घरांचा सामायिक कॉक बंद केला. नळ आठ दिवसांनी आलेला, तरी म्हटलं दहा मिनिटांचं काम.

शेजारून काका कोयता घेऊनच आले. "आमचं पाणी तोडतूस व्हय रे?" म्हणत त्यांनी नवा पाइप छाटला. माझ्या हातात पाना होता. तोच घातला.

भूकंपात किल्लारीत दगडमातीतून मला याच माणसानं उकरून काढलं होतं.

नव्या फ्रीजात बर्फ कुठला! काकूनं घरचाच आणून त्यांच्या कपाळाला लावला. रक्त पुसत काका मलाच म्हणाले, "आधी घोटभर पाणी पी. बस खाली."

सांगा, कोणत्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ?