फॉर्मवर खोडलेलं ‘चा’

ते प्रकरण अजून डोक्यातून गेलेलं नाही. त्याला प्रकरण म्हणावं का, हाही प्रश्नच आहे, कारण माझ्याकडे ना गुन्हा दाखल झाला, ना तपास आला. तरी छत्तीस वर्षांच्या नोकरीत मला जे कळलं नव्हतं ते त्या पंधरा दिवसांत कळलं. नावं कोणाचीच घेत नाही. ज्यांची आहेत त्यांना ओळख पटेल, तेवढं पुरे.

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी मी प्रतिनियुक्तीवर टोकियोला गेलो. वकिलातीत सुरक्षेचं काम होतं. हुद्दा पोलीस निरीक्षकाचा, पण अंगावर वर्दी नाही आणि हाताखाली कोणी नाही. आपल्याकडे मी ठाण्यात शिरलो की ठाणे अंमलदार खुर्ची सोडायचा. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीत प्लास्टिकचा कचरा चुकीच्या वारी ठेवला म्हणून एका सत्तरीच्या बाईंनी माझी वाकून वाकून, अतिशय नम्रपणे खरडपट्टी काढली. थोडक्यात, माझा रुबाब विमानतळावरच राहिला होता.

एका शनिवारी सकाळी एक गृहस्थ दारात आले. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमधले, पंधरा-सोळा वर्षं टोकियोजवळच्या ग्योतोकूत राहिलेले. भूकंपानंतर बरीच भारतीय कुटुंबं परतली, पण हे थांबले, कारण मुलगा फुटबॉल क्लबच्या ज्युनिअर संघात होता. पुढे तो मुलगा दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू झाला. आपल्या मंडळींना त्याचं केवढं कौतुक! गणपतीच्या कार्यक्रमात लोक आधी त्याच्याबरोबर फोटो काढायचे, मग आरतीला उभे राहायचे.

गृहस्थ बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “साहेब, माझ्या मुलाला कोणीतरी अडकवलंय.”

सामन्यानंतर मुलाची उत्तेजक द्रव्यांची चाचणी झाली होती. लघवीच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. त्याच नमुन्याची राखून ठेवलेली दुसरी बाटली उघडली, तिच्यातही तेच. चौदा दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता. ते द्रव्य शरीरात कुठून आलं हे दाखवता आलं नाही, तर दोन वर्षं बंदी. करार त्या हंगामापुरताच होता. एकविसाव्या वर्षी दोन वर्षं मैदानाबाहेर बसलेल्या पोराला कोणता क्लब परत बोलावणार?

“संशय कोणावर आहे?” मी विचारलं.

“ट्रेनरवर. पाण्याच्या बाटल्या त्याच्या ताब्यात असतात. नवीन खेळाडू आलाय, माझ्या मुलाच्याच जागेवर खेळणारा, तो ट्रेनरच्या गावचा आहे.”

मी सांगितलं की मला इथे कसलाही अधिकार नाही. ते म्हणाले, “अधिकार नको. तुमची नजर हवी.” अशा बोलण्याला पोलीस माणूस भुलतो. मीही भुललो.

पुढच्या मंगळवारी आम्ही क्लबवर गेलो. ट्रेनर पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा. गृहस्थांनी भाषांतर करायचं असं ठरलं होतं. ट्रेनर-साननी (सान म्हणजे तिकडचं ‘साहेब’) न मागता वही पुढे केली. प्रत्येक बाटलीला क्रमांक, कोणी भरली, किती वाजता, सील कोणी तोडलं, शेजारी खेळाडूची सही. आमच्या मुद्देमाल कारकुनाला ही वही दाखवली असती तर त्याने बदलीचा अर्ज दिला असता. मी तासभर खोट शोधली. सापडली नाही. आणि तो माणूस पूर्ण वेळ पोराबद्दलच विचारत होता. जेवतो का, झोपतो का. खुनशी माणूस सावजाच्या झोपेची चौकशी करत नाही, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं.

मग त्याने चाचणीच्या फॉर्मची प्रत काढली. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पूरक आहार लिहायला त्यात रकाना असतो. मुलाने तिथे ‘नाही’ लिहिलं होतं. पण त्याच्या आधी काहीतरी लिहायला घेऊन खोडलं होतं. खोडलंही कसं, तर सरळ दोन रेघा आणि शेजारी सही. पोरगा जपानी शाळेतच वाढलेला, चूकसुद्धा नियमाने दुरुस्त करायचा.

“इथे काय होतं?” मी विचारलं.

ट्रेनर-साननी चष्मा वर केला. “चा,” ते म्हणाले, आणि हसले. जपानीत चा म्हणजे चहा. चहा लिहायची गरज नसते हे मुलाच्या लक्षात आलं असेल, म्हणून खोडला. मग ते जरा थांबले आणि पुढे बोलले. चहा लिहायची त्यांची नेहमीची अक्षरं वेगळी असतात. ही परदेशी शब्दांसाठी वापरतात ती होती. घाईत असेल बहुतेक, असं म्हणून त्यांनी कागद मिटला.

गृहस्थांनी मला एवढंच सांगितलं, “चहा, साहेब. चहाच.” अक्षरांचं त्यांनी गाळलं. ते मला ट्रेनर-साननी नंतर दारापाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, तेव्हा कळलं. जाताना गाडीत सबंध वेळ ट्रेनरला शिव्या घालणारा माणूस परत येताना ग्योतोकूपर्यंत एक अवाक्षर बोलला नाही. आरोप करणारा एकाएकी गप्प झाला, की त्याला उत्तर सापडलेलं असतं.

मी त्यांच्याबरोबर उतरलो. “चहा प्यायला येतो,” म्हणालो. नको म्हणायची सोयच नव्हती.

घरी मुलगा होता. उंच, शांत, गुडघ्याला पट्टा. वहिनी पोहे करायला उठल्या. मी मुलाला सरळ विचारलं, “काही औषध घेतोस?”

“नाही, अंकल.”

“गोळी? पावडर? इंजेक्शन?”

“नाही. प्रॉमिस.” पुढचं तो जपानीत बोलला. वडिलांनी सांगितलं, “क्लबच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय तो डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही.”

खोटं बोलणारी माणसं मी हजारोंनी पाहिली आहेत. हा खोटं बोलत नव्हता. मग ते ‘चा’ कशाचं? मी तो प्रश्न टाकला. मुलाने वडिलांकडे पाहिलं, आणि वडिलांनी टेबलाकडे.

दोन माणसांना एका खोलीत बसवून जबाब घेऊ नये, हा अगदी पहिल्या वर्षीचा धडा. मी मुलाला कोपऱ्यावरच्या कोम्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध आणायला पाठवलं. तो खाली उतरल्याची खात्री केली आणि खुर्ची वडिलांसमोर ओढली. तेव्हा आमच्या वडिलांची आठवण झाली. रोज सकाळी मधातून सुंठ चाटायचे, पण डॉक्टरांनी औषधांबद्दल विचारलं की छातीठोकपणे सांगायचे, आयुष्यात औषध घेतलं नाही. मी शब्द बदलला.

“तो सकाळी अनशापोटी काय घेतो?”

स्वयंपाकघरातून वहिनींनीच सहज उत्तर दिलं, “चाटण घेतो की. मधातून. भावजींनी पाठवलेलं.”

गृहस्थांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

सगळं बाहेर यायला मग दहा मिनिटं लागली. त्यांचे थोरले भाऊ गावाकडे वैद्यकी करायचे. सांधेदुखीवर त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून लांबून लोक यायचे. पुतण्याचा गुडघा दुखतो कळल्यावर त्यांनी चूर्णाच्या पुड्या धाडल्या. मुलाने चाचणीच्या खोलीत फॉर्म भरताना ‘चाटण’ लिहायला घेतलं, पहिलं अक्षर लिहून थांबला आणि परवानगी घेऊन वडिलांना फोन केला. विचारलं, चाटण म्हणजे औषध का?

“आणि मी हसलो, साहेब,” ते म्हणाले. “म्हटलं, अरे वेड्या, ते औषध नाही, घरचं आहे. मीच खोडायला लावलं. आणि हे मला आज क्लबमध्ये ते ‘चा’ ऐकेपर्यंत आठवलंसुद्धा नव्हतं. लक्षात ठेवण्यासारखं काही बोललोय असं वाटलंच नव्हतं.”

“न उघडलेली पुडी आहे?”

“आहे.” त्यांनी कपाटाकडे पाहिलं. “तपासली तर दादा आत जाईल. त्याने माझी फी भरली आहे. वडील गेल्यावर त्यानेच आम्हाला वाढवलं.”

मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. “सकाळपर्यंत तुम्ही एका निरपराध ट्रेनरला आत टाकायला निघाला होतात,” मी म्हणालो. “तिकडे गावात किती म्हातारी माणसं अनशापोटी हेच चाटताहेत? तुमच्या मुलाची निदान चाचणी तरी झाली.”

दार उघडलं आणि मुलगा दूध घेऊन आत आला. त्याने वडिलांचा चेहरा पाहिला, दूध टेबलावर ठेवलं आणि मराठीत विचारलं, “काका वाईट आहेत का?”

मी पोह्यांना हात न लावता उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ पुडी घेऊन माझ्या दारात उभे होते. डोळे सुजलेले. क्लबने ती प्रयोगशाळेत पाठवली. नमुन्यात सापडलं होतं तेच द्रव्य पुडीत निघालं. मी रीतसर आमच्या वरिष्ठांना लिहिलं, तिकडे स्थानिक ठाण्याने आणि औषध निरीक्षकांनी मिळून झडती घेतली. पंचनाम्यात खल, चाळणी, मधाच्या बाटल्या आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांचे डबे. तपास अधिकारी माझ्या ओळखीचा होता, त्याने वैद्यांचा जबाब मला फोनवर वाचून दाखवला. गोळ्या कुटून घातल्या की लोकांना लगेच आराम पडतो, एवढंच आपल्याला माहीत होतं, असं त्यांनी सांगितलं होतं. शेवटचं वाक्य मात्र कोणी विचारलेलं नव्हतं. पुतण्याच्या पुड्यांत मी जरा जास्तच घालायचो, पोरगं लवकर खेळायला लागावं म्हणून.

सुनावणीला मला प्रवेश नव्हता. मी बाहेर बाकावर बसलो होतो, आत काय झालं ते ट्रेनर-साननी सांगितलं. आदल्या रात्री वडिलांनी मुलाला बजावलं होतं की सगळं माझ्यावर ढकल, सांग की बाबांनी खोडायला लावलं. फोनचं मुलाने सांगितलं. पण मग तो म्हणाला की वडील खोटं बोलले नाहीत, आमच्या भाषेत चाटणाला औषध म्हणत नाहीत. फॉर्म मात्र माझा होता आणि सही माझी आहे. शंका मला आली होती, आणि ती मीच खोडली.

दोन वर्षांच्या जागी त्याला काही महिन्यांची बंदी मिळाली. क्लबने करार वाढवला. वडील बाहेर आले तेव्हा ट्रेनर-सान त्यांच्या पाठीमागेच होते. गृहस्थ वळले, कमरेतून पार खाली वाकले आणि तसेच राहिले. काय बोलले ते मला समजलं नाही. ट्रेनर-साननी त्यांना उठवायचा प्रयत्न केला नाही, फक्त स्वतःही वाकले.

मुलगा पुन्हा खेळू लागला. भावाभावांचं बोलणं मात्र माझी बदली होईपर्यंत सुरू झालं नव्हतं. वैद्य जामिनावर सुटले, खटला चालला, शिक्षा झाली. शिक्षेच्या दिवशी धाकटा भाऊ कोर्टात हजर होता, असं मला नंतर कळलं. दोघे एकाच बाकावर बसले होते म्हणे, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

हे सगळं कशासाठी लिहिलं? माझ्या हाताखालच्या पोरांना मी नेहमी सांगायचो की आरोपी ‘नाही’ म्हणतो, तिथून तपास सुरू होतो. त्या ‘नाही’ला मी कायम कुलूप समजलो, आणि कुलूप फोडायचे प्रकार आम्हाला ठाऊक असतात. त्या घरात तीन माणसांनी मला ‘नाही’ म्हटलं असतं आणि तिघंही खरंच बोलली असती. चूक त्यांच्या उत्तरात नव्हती. मी विचारलेल्या शब्दात होती. परत आल्यावर उरलेल्या नोकरीत मी प्रत्येक प्रश्न निदान तीन शब्दांत फिरवून विचारायला लागलो. सहकारी चेष्टा करायचे की साहेब जपानहून मवाळ होऊन आले.

पण त्याच्या आधीची पंचवीस-सव्वीस वर्षं उरतातच. त्या वर्षांत माझ्यासमोर बसून शेवटपर्यंत ‘नाही’ म्हणत राहिलेल्या काही माणसांचे चेहरे आता आठवतात. त्यांना मी एकच प्रश्न, एकाच शब्दात, पुन्हा पुन्हा विचारला होता, आणि दर वेळी आवाज चढवून.