इंगळेच्या अक्षरातला 'क'

"अबे, पाणी आणा, पाणी!" साहेब ओरडले तोवर 'क'चा ड्रॉवर पेटला होता.

खंडेनवमी होती. जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. आमच्या अमरावतीच्या लायब्ररीचं हत्यार म्हणजे कॅटलॉग. दर पुस्तकाचं एक कार्ड, त्यावर कपाटाचा नंबर, अन् कार्डं अक्षरवार ड्रॉवरात लावलेली. कार्ड गेलं की पुस्तक कपाटात असूनही सापडत नाही. साहेबांनी ड्रॉवर टेबलावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, आणि वळताना त्यांच्याच उपरण्याने समई पाडली. 'क'ची अर्धी कार्डं जळली, बाकीच्यांची शाई पाण्याने धुऊन निघाली. सगळी माझ्या हातची.

"अकोल्याला इंगळेंना तार करा," साहेब म्हणाले.

माझ्या पोटात दुखलं. इंगळे अकोल्याच्या शाखेत, माझ्याच हुद्द्याचा. तिथल्या वाचकांना आमची पुस्तकं मागवता यावीत म्हणून दर महिन्याला यायचा, माझ्या नव्या कार्डांची नक्कल करून न्यायचा. "काहून मरून राहिला बे?" मी चिडवायचो. तो नुसता हसायचा. अक्षर मेल्याचं मोत्यासारखं. हेड कॅटलॉगरची जागा रिकामी होती, आणि ती आम्हा दोघांनाही हवी होती.

दसरा आटोपून तो ट्रंकभर कार्डं घेऊन आला. सोबत एक कागद. जळका ड्रॉवर पूर्ण रिकामा करा. नकला आहेत त्याच क्रमाने भरा. मागच्या फेरीनंतर आलेली पुस्तकं काढून त्यांची कार्डं नव्याने लिहा. खाली एक ओळ: मध्येच डोकं लावू नका.

"माझेच ड्रॉवर, अन् मीच डोकं लावू नको?"

"भाऊ, डोकं लावलं का घोळ होते. कागदात हाय तसं करा."

अंगाचा तिळपापड झाला. तरी केलं. करता करता त्याची एखादी चूक सापडते का, हेच बघत होतो. एकही सापडेना!

शेवटी साहेबांनी परीक्षा घेतली. "कापसावरच्या किडीचं पुस्तक काढा." ड्रॉवर ओढला, नंबर वाचला, पुस्तक हातात.

"वा, इंगळे!" साहेब म्हणाले. ड्रॉवर ओढणारा मी होतो.

हेडची जागा सीनियॉरिटीने मला मिळाली. इंगळे पेढे घेऊन आला, तेही मला गोड लागले नाहीत. पुढे रिटायर होईपर्यंत वाचक 'क'चा ड्रॉवर उघडायचे अन् म्हणायचे, "काय देखणं अक्षर हाय हो साहेब तुमचं!" दर वेळी सांगावं लागायचं, "माझं नाही. इंगळेचं."

या धंद्यात येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. नक्कल नेहमी दुसऱ्या गावी ठेवा. आणि जमलं तर स्वतःच्या अक्षरात ठेवा.