नखाएवढी उघडी जागा

कुठलीही रंगवलेली वस्तू समोर आली की ते आधी तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. दार असो, खुर्ची असो, कुणी नवी आणलेली पत्र्याची ट्रंक असो. एकदा एका लग्नात नवरा-नवरी पाटावर बसलेली असताना त्यांनी मांडवाच्या खांबावरून नख फिरवलेलं मी पाहिलं आहे. नख फिरवून झालं की मान थोडी कलती करून ते हळूच म्हणायचे, "घासलेलं नाही हो. नुसतं झाकलंय."

आमच्या ओळखीतल्या मंडळींना याची सवय झाली होती. ते यायचे त्या दिवशी काही जण नवं फर्निचर आतल्या खोलीत ढकलायचे.

मी जयपूरला आलो तो नुकता एम.ए. होऊन. खानदेशातल्या एका लहान गावी माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती आणि आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. कॉलेजातली नोकरी मला मिळाली ती आमच्या विभागप्रमुखांमुळे. त्यांना मी सर म्हणे. पहिला पगार होईपर्यंत सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या पत्नीने, काकूंनी, मला जेवायला वाढताना "आणखी हवं का" असं एकदाही विचारलं नाही, सरळ वाढलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे जे झालं ते याच घराच्या उंबऱ्यावर येऊन पडलं.

नंतर मी शहरातल्या बनी पार्क वस्तीत एक खोली घेतली. त्याच बंगल्याच्या दुसऱ्या भागात हे नख फिरवणारे गृहस्थ राहत. विमा कंपनीत अधिकारी, मूळचे साताऱ्याकडचे. पहिल्याच सकाळी मी धोब्याशी बोलत होतो. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून आवाज आला, "धोबी घाबरलाय बघा. हिंदी आहे की खानदेशी?" मी ओशाळलो. तासाभराने त्याच भिंतीवरून त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, थालीपिठाची ताटली पुढे केली. तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो आणि ते मला मास्तर.

जहागिऱ्या नुकत्याच गेल्या होत्या. ठिकाणेदारांच्या, म्हणजे तिथल्या जहागीरदारांच्या, पागांतून जुन्या विलायती मोटारी बाहेर पडत होत्या, कधी घोड्यांच्या आधी, कधी नंतर. तशीच एक दादांनी घेतली. ती अंगणात आली ती बैल जुंपून. गल्लीतली सगळी पोरं मागून "हट हट" करत आली. वहिनींनी पदर तोंडाला लावून हसू आवरलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालायला सुरुवात केली.

पुढची दोन-तीन वर्षं आमचे रविवार त्या मोटारीत गेले. दादांनी तिचं पत्र्याचं छप्पर काढून कॅनव्हासचं केलं. गाद्यांना जयपूरजवळच्या बगरू गावचं छापील कापड बसवलं. आधीची भरीव चाकं काढून दुसऱ्या एका मोडीतल्या गाडीची तारांची चाकं घातली. तारांमधून आतला ब्रेकचा ड्रम दिसू लागला. हा ड्रम म्हणजे लोखंडाचा गोल डबा. चाकाबरोबर फिरतो, आणि ब्रेक दाबला की आतून त्यालाच पकड बसून गाडी थांबते. दादांनी चारही ड्रम शेंदरी लाल रंगवायचं ठरवलं. "लोक दिवे रंगवतात, नावं रंगवतात," ते म्हणाले. "जे थांबवतं ते नको का दिसायला?"

रंग मारायला आमच्याकडे डास मारायचा पंप होता. जयपूरच्या धुळीत ओला रंग टिकवणं हीच खरी परीक्षा. म्हणून आधी सगळ्या अंगणात पाणी शिंपडायचं, मग दोरीवर ओल्या चादरी लावायच्या आणि त्यांच्या आडोशाला रंग मारायचा. पंप दादांच्या हातात, चादरी माझ्याकडे. वारा जरा उठला की ते मागे न पाहता म्हणत, "मास्तर, पश्चिमेची चादर." मी कॉलेजात मुलांना शिकवत असे आणि इथे दिशा चुकल्याबद्दल बोलणी खात असे. मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू, घरापासून इतक्या लांब मला कुणीतरी रागावतं आहे याचंच बरं वाटायचं.

रंगापेक्षा घासण्यावर त्यांचा भर. दोन-दोन रविवार नुसतं घासणं चाले. आणि त्यांची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. कुठलाही भाग रंगवला की त्याच्या मागच्या बाजूला, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी, ते नखाएवढी जागा बिनरंगाची सोडत. गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचं बोट फिरवत.

मी विचारलं होतं, हे कशाला.

"उद्या ही वस्तू दुसऱ्याच्या हातात जाईल," ते म्हणाले. "त्याला खालचं लोखंड दिसलं पाहिजे. नाहीतर त्याने आपल्यावर विश्वास का ठेवायचा?"

माझी जुनी सायकल त्यांनी मला न विचारता हिरवी करून दिली. तिच्याही बैठकीखाली ती उघडी जागा होती. गावी गेलो तेव्हा मी वडिलांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अशा माणसाला धरून राहा."

मग दादांच्या बदलीचा हुकूम आला, मद्रासला. मोटार नेणं शक्य नव्हतं. त्याच सुमाराला सर गाडी घ्यायच्या विचारात होते. काकूंचे गुडघे दुखत आणि टांग्यात चढणं त्यांना जड जाई. दादाच म्हणाले, "मास्तर, तुम्ही बोला सरांशी. मी विकणारा, माझ्या बोलण्याला काय अर्थ? तुमचा शब्द ते मानतील."

मी बोललो. सरांनी एकच प्रश्न विचारला, "तू घेतली असतीस का?" मी म्हणालो, "डोळे मिटून घेतली असती, सर."

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर मागच्या एका चाकातल्या ड्रमचा लाल रंग बाकीच्यांपेक्षा ताजा दिसला. दादा म्हणाले, खडा लागून टवका उडाला होता, पुन्हा हात मारला. मला त्यांचं कौतुकच वाटलं. जाता जातासुद्धा माणूस किती जपतो आहे, असं मी सरांना सांगितलंही.

दादांची बांधाबांध अजून चालू होती तेव्हाची गोष्ट. सर काकूंना घेऊन आग्रा रोडवरच्या घाटाकडे फिरायला गेले होते. परतताना उतारावर ब्रेक पायाखाली नुसता खाली गेला. सरांनी गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. काकूंच्या कपाळाला खोक पडली. सरांचं उजवं मनगट मोडलं.

दुसऱ्या दिवशी मी अजमेरी गेटजवळच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मागचं चाक उतरवलं होतं. ड्रमचे दोन तुकडे झाले होते. त्याने एक माझ्या हातात दिला. तुटलेली कड थोडी चकचकीत होती, बाकीची काळी पडलेली, आणि वरच्या बाजूला भेगेत लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरून त्यावर रंग मारलेला.

"बाबूजी, ये कल का टूटा नहीं है," मिस्त्री म्हणाला. "कल तो पूरा हुआ है."

मला तरीही वाटलं, दादांच्या लक्षात आलं नसेल. माणसाची नजर चुकते. मी दोन्ही तुकडे उलटे केले आणि मागची बाजू पाहिली. मग मिस्त्रीला बाकीची चाकंही काढायला लावली. तिन्ही ड्रमांना मागे नखाएवढी जागा उघडी होती. हा एकच काठोकाठ लाल होता.

तुकडा पिशवीत घालून मी दादांकडे गेलो. ट्रंका दोरीने बांधून दारात ठेवल्या होत्या. वहिनी आत होत्या. मी तुकडा दादांपुढे धरला आणि त्यांनी सवयीने त्यावरून नख फिरवलं. मग हात मागे घेतला.

त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, भेग सांधण्यापलीकडची होती. नवा ड्रम दिल्लीहून यायला महिने गेले असते आणि त्यांना थांबता येत नव्हतं. सर सावकाश चालवतात, एवढ्यावर निभावेल असं वाटलं.

"मग सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर कुणी घेतली असती?"

"मला तरी सांगायचं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नव्हे, रविवारी चादरीची दिशा चुकल्यावर पाहत तसं. "तुम्हाला काय सांगायचं, मास्तर? कुठे बघायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही बघितलं नाहीत."

आजही त्यातला नेमका कोणता शब्द लागला ते मला सांगता येत नाही. माझा विश्वासच त्यांनी चूक म्हणून माझ्या नावावर मांडला होता. आतून वहिनी बाहेर आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि चहाचं विचारायचं सोडून परत आत गेल्या.

ते गेले तेव्हा मी स्टेशनवर गेलो नाही. संध्याकाळी मधल्या भिंतीवर तो डास मारायचा पंप ठेवलेला होता, स्वच्छ धुऊन, रॉकेलने पुसून. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मद्रासहून पत्रही कधी आलं नाही, मीही लिहिलं नाही.

सरांचं मनगट जुळलं, पण फळ्यावर लिहिण्याइतकं वर जाईना. ते डाव्या हाताने लिहायला शिकले आणि मुलं मागे हसत. मला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तुला माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. "मग झालं," ते म्हणाले, आणि काकूंनी नेहमीसारखं न विचारता वाढलं.

सरांनी गाडी मोडीत काढली नाही. दिल्लीहून नवा ड्रम आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "रंग तूच दे."

मी अंगणात पाणी शिंपडलं. काकूंच्या दोन चादरी ओल्या करून दोरीवर टाकल्या. त्या पंपाला हात लावायची इच्छा नव्हती, पण दुसरा नव्हता. सर खुर्ची टाकून बसले, उजवा हात मांडीवर. रंग देऊन झाल्यावर मी ड्रम उलटा केला. मागे नखाएवढी जागा मी सोडली होती. कधी सोडली ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तिच्यावर तेलाचं बोट फिरवलं.

रंग वाळल्यावर माझ्या अंगठ्याचं नख त्याच्यावरून फिरलं. मी थांबवायच्या आतच फिरलं. सरांनी ते पाहिलं, आणि दुसरीकडे बघायला लागले.