दुमडलेला कोपरा

एक नंबरच्या खिडकीतल्या बाई पेशंटला नाव विचारताना त्याच्याकडे पाहायच्याच नाहीत; पाहायच्या त्याच्या पाठीमागे. नव्या माणसाला वाटे, काय उर्मट बाई आहे. पण सोबत कोणी आलंय का, एवढंच त्या बघत असत. कोणी नसेल तर केसपेपरचा वरचा कोपरा दुमडायच्या. तो कोपरा दिसला की आत सिस्टरनी नाव दोनदा पुकारायचं आणि तपासणीला एखाद्या वॉर्डबॉय मामांनी बरोबर जायचं, हे त्यांनी कुणालाही न विचारता बसवून टाकलं होतं.

आडनाव मुलाणी, राहायला येरवड्याला. आमच्या हॉस्पिटलच्या पहिल्या खिडकीत त्यांची बावीस वर्षं गेली. मी दुसऱ्या खिडकीत, टेम्पररी. नारायण पेठेतले एक आजोबा रोज विचारायचे, "अजून किती वेळ?" बाई मान वर न करता म्हणायच्या, "आपण बोलत राहिलात तर अजून दहा मिनिटं." मला मात्र त्यांनी हाताला धरून सगळं शिकवलं. "अगं, कोपरा छोटा दुमड. नंबर झाकला तर आत फाइल सापडायची नाही," हे तर दिवसातून चारदा.

सहायक प्रशासन अधिकाऱ्याची जागा निघाली तेव्हा आम्ही दोघींनी अर्ज केला. वयाच्या अटीमुळे बाईंची ती शेवटची संधी होती. तरी आठवडाभर कॅन्टीनमध्ये माझीच तयारी करून घेत होत्या. मुलाखतीच्या दिवशी नंबर आधी त्यांचा होता. माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बर्फ झालेत नुसते. जा, तू आधी आटपून ये. मी शिपायाला सांगते."

आत तीन जण होते. मधल्या साहेबांनी विचारलं, कामात स्वतःहून केलेली एखादी सुधारणा सांगा. पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. आणि मी म्हणाले, "सर, एकट्या आलेल्या पेशंटच्या केसपेपरचा मी कोपरा दुमडते." तिघेही सरसावून बसले. 'आम्ही' म्हणता आलं असतं. बाईंचं नाव तर जिभेवरच होतं. मी 'मी' म्हणाले आणि पुढची पाच मिनिटं त्यांचंच सगळं रंगवून सांगितलं.

बाहेर आले तर बाई पदर सारखा करत उभ्या होत्या. "काय विचारलं गं?" मी म्हणाले, "नेहमीचंच." आणि त्या आत गेल्या.

जागा मला मिळाली. महिन्याभराने त्याच साहेबांनी हसत सांगितलं, "त्या मुलाणीबाईंनी तुमचंच उत्तर ठोकून दिलं. दारातून ऐकलं असावं. मी त्यांना तसं तिथेच तोंडावर बोललोही." मीही हसले. आज लिहितानाही ते हसू मला सोसत नाही.

म्हणजे बाईंना सगळं कळलं होतं. तरी निकालाच्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन "अभिनंदन, मॅडम" म्हणाल्या होत्या. त्यानंतर त्यांनी मला कधी 'अगं' म्हटलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचं भाषण मीच केलं, आणि त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल बोलले.

गेल्या महिन्यात बाई पेशंट म्हणून आल्या. मी काचेआड माझ्या टेबलाशी होते. पहिल्या खिडकीतल्या नव्या मुलीने विचारलं, "सोबत कोणी?" "नाही." तिने कोपरा दुमडला आणि कौतुकाने म्हणाली, "आमच्या मॅडमनी काढलेली पद्धत आहे, आजी. आता तुम्हाला आत एकटं वाटणार नाही."

बाईंनी पेपर हातात घेऊन पाहिला. "चांगली आहे. मॅडमना सांगा, कोपरा छोटा दुमडायला शिकवा. नंबर झाकला जातो."

मग त्या जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिल्या. कोपरा दुमडलेला होता, म्हणजे कुणीतरी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. मी खुर्चीतून उठले नाही. बेल वाजवून मामांना पाठवलं.